टेबलटॉप आरपीजीच्या स्पर्धेसाठी मुंबईत घडणारा सिनॅरिओ कसा लिहावा?

तुम्ही डोंबिवलीचे, टेबलाभोवती बसून बोलत बोलत पात्रं वठवायच्या या खेळात कॉलेजच्या ग्रुपसाठी दोन वर्षं डीएमिंग करताय, म्हणजे खेळ चालवताय, आणि आता पहिल्यांदाच सिनॅरिओ, म्हणजे अशा खेळासाठीची गोष्ट, लिहिण्याच्या स्पर्धेत उतरताय. चार हजार शब्दांची मर्यादा, एकाच बैठकीत, चार तासांत संपणारा वन-शॉट. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: परीक्षक नेमकं काय बघतात, आणि मुंबईतली गोष्ट परदेशी परीक्षकांना कळेल का. कळेल. पण त्यासाठी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

मी लालबागची, मूळ गाव कुडाळजवळचं. लहानपणी जत्रेला गावी गेलं की देवळासमोर रात्रभर दशावतार बघायचो. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते हे मला बरंच उशिरा कळलं. आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि मग त्या एका बाकड्याभोवती जे काही बोललं जातं ते तिथल्या तिथे सुचलेलं असतं. राजा कोण, कपट कोणाचं, कोणाला काय हवंय हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, मधली वाट ज्याची त्याने काढायची. सिनॅरिओ लिहिणं म्हणजे असं आख्यान सांगणं, आणि आपल्या खेळात तर शेवटही ठरलेला नसतो. पण कॉलेजात लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींचा हात एकांकिका स्पर्धांमध्ये तयार झालेला असतो. त्यामुळे पहिल्या खेपेला बहुतेक जण संहिता लिहून मोकळे होतात.

मीही तेच केलं होतं. माझा विषय होता १४ एप्रिल १९४४, मुंबई गोदीतला स्फोट. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, कराचीत चढवलेला कापूस आणि सोन्याच्या विटा. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. माझ्या आजोबांनी त्या दिवशी परळहून आकाशात चढलेला धूर पाहिला होता, म्हणून हा विषय मला सोडवेना.

मी चोवीस पानं लिहिली. प्रसंग एक, प्रसंग दोन, प्रसंग तीन. तिसऱ्या प्रसंगात एक म्हातारा मुकादम खेळाडूंना सगळं खरं सांगणार होता. ते संवाद लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. परीक्षकाने सिनॅरिओ आपल्या टेबलावर चालवला आणि त्याच्या खेळाडूंपैकी कोणी त्या मुकादमाकडे फिरकलंच नाही. ते सरळ जहाजावर चढले. पुढची अकरा पानं वाया. अभिप्रायात त्याने लिहिलं होतं की वाचताना आवडलं, पण चालवताना माझ्या हातात काहीच उरलं नाही.

परीक्षक हेच बघतात: तुमची पानं हातात घेऊन एखाद्या अनोळखी जीएमला (गेम मास्टर, म्हणजे डीएमच) चार तास टेबल सांभाळता येतं का. या परंपरेचं मूळही त्यातच आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ, आला १९७४ साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी त्या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने एक भुयार लिहिलं आणि १९७८ साली ते पुस्तिका म्हणून छापलं गेलं. अशा स्पर्धांत एकच साहस अनेक टेबलांवर, वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली खेळलं जायचं. लेखक काही प्रत्येक टेबलाशी बसून ‘मला असं म्हणायचं होतं’ सांगू शकत नाही. डेन्मार्कमध्ये फास्टाव्हाल नावाचा महोत्सव ईस्टरला भरतो. तिथेही लेखकांचे सिनॅरिओ इतर जीएम चालवतात आणि निवडलेल्यांना ऑटो नावाचा पुरस्कार मिळतो, पेंग्विनच्या आकाराचा. मला ही पद्धत फार न्यायाची वाटते. नुसतं वाचून निकाल लावला की गोड भाषा जिंकते.

दुसऱ्या खेपेला मी प्रसंग काढून टाकले आणि वेळापत्रक लिहिलं. दोन वाजता काय, अडीचला काय, तीनला काय. खेळाडूंनी काहीही केलं नाही तर जग कसं पुढे सरकेल, एवढंच. सोबत चार तयार पात्रं: मालाची मोजदाद ठेवणारा टॅली क्लार्क, अग्निशमन दलाचा जवान, गोदीतला हमाल आणि मस्जिद बंदरला राहणारी त्याची बहीण. प्रत्येकाला त्या दुपारी एक गोष्ट हवी आहे आणि दोघांच्या गोष्टी एकमेकांच्या आड येतात. चार वाजून सहा मिनिटांनी काय होणार हे मी खेळाडूंना सुरुवातीलाच सांगून टाकते. पात्रांना ते माहीत नसतं. स्फोट थांबवता येत नाही. कोणाला बाहेर काढायचं, कोणाला मागे ठेवायचं, हाच खेळ. आगीमागे एखादा राक्षस किंवा शाप ठेवा असं मला दोघांनी सुचवलं होतं. मी ठेवला नाही. त्या जवानांची नातवंडं याच शहरात आहेत.

जहाजात नुसता कापूस नाही, दारूगोळाही आहे, हे पात्रांना कळायलाच हवं होतं. पहिल्या आवृत्तीत ते फक्त मुकादमाला ठाऊक होतं. आरपीजींवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरने २००८ साली एक नियम मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवा. मग मी एक नोंद टॅली क्लार्कच्या वहीत ठेवली, एक कुजबुज हमालांच्या तोंडी दिली, आणि तिसरा धागा जहाजाच्या अंगावरच ठेवला: बाहेरच्या पत्र्यावरचा रंग एका जागी फुगून सुटायला लागलाय. त्यानंतर हा सिनॅरिओ सहा टेबलांवर चालला आणि एकदाही अडकला नाही.

आता तुमची मुंबई. तुमचा मसुदा भुलेश्वरच्या चाळीत घडतो आणि ‘चाळ’ कशी समजावू असं तुम्ही विचारलंय. वर्णन करू नका, तिथे काय करता येतं ते लिहा. एका मजल्यावर सगळ्या खोल्यांपुढून जाणारी एकच सामाईक गॅलरी, जिना टोकाला, संडास दुसऱ्या टोकाला. म्हणजे वर येणारा माणूस प्रत्येक दारावरून जातो आणि कोणी ना कोणी त्याला बघतंच. लपून शिरणं जवळजवळ अशक्य, पण कोण कधी आलं याचे साक्षीदार वीस. समोरच्या गॅलरीतून या गॅलरीत ओरडून बोलता येतं. भांडण झालं तर दोन मिनिटांत गर्दी. एवढं पाच वाक्यांत दिलंत की आयुष्यात मुंबई न पाहिलेला जीएमसुद्धा तिथे पाठलाग चालवू शकतो. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांचे रंग मात्र खोडा, कितीही सुंदर उतरले असले तरी. मुकादम, खोली, पागडी हे शब्द तसेच ठेवा. वापरातून त्यांचा अर्थ लागतो.

चार तासांबद्दल थोडं. पात्रं वाटून नियम सांगण्यात अर्धा तास जातो, मध्ये चहा होतो, आणि आपल्याकडे कोणाला तरी लोकल पकडायची असतेच. हातात तीन तास धरा. त्यात तीन ठिकाणं आणि पाच-सहा एनपीसी, म्हणजे जीएमने वठवायची पात्रं, पुष्कळ झाले. आटोपशीर लिहायची सवय नसेल तर २००९ साली सुरू झालेल्या वन पेज डंजन काँटेस्टच्या जुन्या प्रवेशिका बघा. अख्खं साहस एका पानावर बसवायचं असतं.

नियमांच्या हक्कांची काळजी करू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे, श्रेय दिलं की वापरता येतो. कंपनीची जगं आणि त्यांतली प्रसिद्ध पात्रं त्यात येत नाहीत, तेवढं सांभाळा.

पाठवण्याआधी एक रविवार राखून ठेवा. सिनॅरिओ स्वतः चालवू नका, ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाला तरी छापून द्या आणि तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसा. एक शब्द बोलायचा नाही, कितीही चुकीचं चाललं तरी. हे फार जड जातं, मला दर वेळी जातं. चालवणाऱ्याने मागची पानं उलटली की वेळ टिपा आणि तो काय शोधत होता ते खेळ संपल्यावर विचारा. पुन्हा लिहायला बसाल तेव्हा सुरुवात त्या पानांपासून करा.