रक्ताच्या तपासणीत मूत्राशयाचा कॅन्सर लवकर कळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, ३० वर्षं बिडी ओढलेली, नोकरी रंगाच्या कारखान्यात. लघवीच्या रिपोर्टमध्ये आरबीसी (लाल रक्तपेशी) ८–१०, दुखणं काही नाही, अँटिबायोटिकचा कोर्स होऊन गेला. आता लॅबवाले रक्तातून कॅन्सर शोधणारं पॅकेज सुचवताहेत, तर ते करावं का?

मी तरी नको म्हणेन. पैसे जातील ते जातील, पण खरी भीती वेगळी आहे. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि त्या ८–१० आरबीसींचा विषय तिथेच मिटेल.

साध्या पॅकेजमधले मार्कर (कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात ते पदार्थ) आधी बाजूला काढू. सीईए, सीए १९-९, सीए १२५ यांतला एकही मूत्राशयाचा कॅन्सर सुरुवातीला शोधायच्या कामाचा नाही. पीएसए प्रोस्टेटची तपासणी आहे, मूत्राशयाची नव्हे.

महागड्या तपासण्या रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे वाचतात. त्यांतली सर्वांत गाजलेली अमेरिकेतली गॅलेरी. तिचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: सगळे कॅन्सर धरून चौथ्या टप्प्यातले शंभरात नव्वद सापडले, पहिल्या टप्प्यातले जेमतेम सतरा. मूत्राशयाचे सगळे टप्पे मिळून सुमारे एक तृतीयांश, किडनीचे पाचात एकाहूनही कमी. लवकर पकडायचं म्हणून जिच्याकडे जायचं, तीच तपासणी लवकरच्या टप्प्यात कमी पडते.

असं का, ते मूत्राशयाकडे पाहिलं की कळतं. हा कॅन्सर आतल्या अस्तरावर उगवतो आणि निदानाच्या वेळी चारपैकी साधारण तिघांत स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. गाठ लघवीत बुडालेली असते, तिच्या पेशी लघवीत झडतात. रक्तात तिचं फारसं काही उतरतच नाही. जे थोडं उतरतं ते काही तासांत नाहीसं होतं. शिवाय रक्तातला बहुतेक मोकळा डीएनए पांढऱ्या पेशींचा असतो, आणि वय वाढेल तसे त्या पेशींतही बदल साठत जातात, ते कॅन्सरचे नसले तरी. नमुना रक्ताच्या नेहमीच्या (ईडीटीए) ट्यूबमध्ये तासन् तास पडून राहिला तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि हवा असलेला डीएनए त्यांच्या डीएनएत हरवतो. म्हणून त्यासाठी वेगळी ट्यूब लागते.

आणखी एक हिशोब. समजा एक लाख लोकांत दहा जणांना हा आजार आहे. तपासणी शंभरातले ऐंशी रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांत शंभरात एकदाच चुकते. ऐकायला उत्तम! पण हाती काय येईल? आठ खरे रुग्ण, आणि उगाच घाबरलेली हजारभर माणसं. त्या प्रत्येकाची पुढे दुर्बिणीची तपासणी. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०११ मध्ये लक्षणं नसलेल्यांच्या सरसकट तपासणीला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं, त्यामागे हाही हिशोब आहे.

रक्तातल्या डीएनएचा उपयोग आहे, पण नंतर. मूत्राशय काढल्यावर रक्तात ट्यूमरचा डीएनए सापडला तर कुणाला पुढचं औषध द्यायचं हे ठरवता येतं. २०२५ मध्ये त्याचे चांगले निकाल आले.

लवकरचा माग मात्र लघवीतच आहे. इराणमधल्या गोलेस्तानच्या अभ्यासात साठवलेल्या लघवीच्या नमुन्यांत टर्ट जनुकातला बदल निदानाच्या दहा वर्षांपर्यंत आधी दिसला होता. पुढे रुग्ण झालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या कमी जणांत तो सापडला. रोजच्या वापरात ही तपासणी अजून आलेली नाही, पण दिशा हीच.

आता वडिलांचं. लघवीची मायक्रोस्कोपी पुन्हा करा. लघवीत बुडवायच्या नुसत्या पट्टीवर विसंबू नका. एका एचपीएफमध्ये (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या भागात) ३ किंवा जास्त आरबीसी असतील तर ते लघवीतलं रक्तच. कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणं) केलं होतं का, हे विचारा. इन्फेक्शन सिद्ध न होता अँटिबायोटिक देत राहणं ही नेहमीची चूक. बायकांच्या बाबतीत तर त्यात महिनेच्या महिने जातात. 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून येतंय' हेही कारण मान्य करू नका. अशी गोळी घेणाऱ्यांचीही तपासणी तेवढीच करायची असते.

सायटोलॉजीला (लघवीतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहतात ती तपासणी) सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. पाणी पिऊन, थोडं चालून, दुसऱ्या वेळची निदान ५० मिली द्या आणि नमुना लवकर पोचवा. मुतखडा किंवा कॅथेटर असेल तर फॉर्मवर लिहा, नाहीतर पेशी उगाच संशयास्पद वाटतात. सायटोलॉजी उग्र प्रकारचा कॅन्सर चांगला पकडते. मवाळ प्रकारच्या पेशी जवळपास निरोगी पेशींसारख्याच दिसतात, तो निसटतो. तेव्हा ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही.

साठीपुढचा पुरुष म्हणजे जास्त जोखमीचा गट. युरोलॉजिस्ट बहुधा सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणं) आणि सीटी युरोग्राफी (किडनी आणि मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन) दोन्ही सांगतील. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे ना' म्हणून टाळू नका. सोनोग्राफीत अगदी छोटी गाठ आणि चपटा कॅन्सर दिसत नाही, मूत्रवाहिनीही नीट दिसत नाही. सीटीआधी क्रिएटिनिन करा. रक्ताची खरी गरज इथे आहे, कारण किडनी फार कमजोर असेल तर कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) बहुधा टाळतात आणि दुसरा मार्ग काढावा लागतो. लवचीक दुर्बिणीची सिस्टोस्कोपी भुलीची जेली लावून पाच-दहा मिनिटांत होते. नंतर दिवस-दोन दिवस जळजळ आणि गुलाबी लघवी चालते. ताप आला किंवा गुठळ्या पडल्या तर लगेच दाखवा.

जाताना कागदावर लिहून न्या: बिडी रोज किती आणि किती वर्षं, कारखान्यात कोणत्या खात्यात (जुन्या रंगांतली बेंझिडीनसारखी रसायनं या कॅन्सरचं नोंदलेलं कारण आहेत), मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन घेतात का, ईश्वरी घातलेलं काही जडीबुटीचं औषध घेतलंय का. ईश्वरीच्या कुळातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनी बिघडवतं आणि मूत्रवाहिनीचा कॅन्सर करतं.

दरम्यान लघवी एकदा लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ झाली, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. या आजारात रक्त येतं, थांबतं, आणि पुन्हा यायला कधीकधी महिने लागतात.