सांगली जिल्ह्यात मुलांना घेऊन एक दिवस घालवण्यासारखं खरंच काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत चार दिवस विट्याला सासरी येताय, मुलं 7 आणि 10 वर्षांची आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि "इकडे बघण्यासारखं काहीच नाही असं सगळे म्हणतात, तर एखादं रिसॉर्ट बुक करू की सरळ महाबळेश्वर गाठू?"

महाबळेश्वर नको. दिवाळीत घाटातल्या गर्दीतच अर्धा दिवस जाईल. रिसॉर्टही नको. सागरेश्वरचं अभयारण्य, देवराष्ट्रे गाव आणि वाटेत चालू दिसेल ते गुऱ्हाळ, एवढं करा. एका दिवसात निवांत होतं.

"काहीच नाही" हे वाक्य मी माझ्या माहेरी दहा वर्षं ऐकतेय, म्हणून पुढचं लिहिते.

माझा दादा पुण्यात असतो. दर दिवाळीला दोन दिवस येतो आणि आल्या आल्या म्हणतो, पोरांना इथं करमत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांना एका कृषी पर्यटन केंद्रावर नेलं. मी पहाटे उठून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून घेतलं होतं. फाटकावरच्या माणसाने डबा गाडीत ठेवायला लावला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. आत बैलगाडीची फेरी होती, एका नारळाच्या झाडापासून दुसऱ्या नारळाच्या झाडापर्यंत. दुपारी रांगेत उभं राहून पिठलं-भाकरी घेतली. माझे वडील, ज्यांनी पन्नास वर्षं बैल सांभाळले, ते पूर्ण तिकीट भरून दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. पोरं मोबाइलवर. संध्याकाळी धपाटे आंबूस झाले होते. आई काही बोलली नाही, पण तिने ते म्हशीला घातले तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी दादाचं ऑफिसचं काहीतरी निघालं. मी त्याची दोन पोरं, माझी मुलगी आणि वडील यांना गाडीत घातलं आणि सागरेश्वरला गेले.

तिथलं जंगल माणसांनी लावलेलं आहे. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत असतं, बाहेरच्यांना नसतं. तो डोंगर पूर्वी बोडका होता. मोहिते वडगावचे धों. म. मोहिते यांनी त्यावर झाडं लावायचं मनावर घेतलं, गावोगावची माणसं जोडली, आणि 1985 साली अभयारण्य जाहीर झालं. 10.87 चौरस किलोमीटर. चितळ, सांबर बाहेरून आणून सोडलेली, ती तिथं वाढली. वडील तेव्हा तरुण होते. खालून घागरीने पाणी वर न्यायला तेही असायचे. हे त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगायचे तर एवढंच, "गेलो हुतो मीबी."

वर चढताना ते झाडं शोधत होते. एकही ओळखू येईना, इतकी दाटी झालीय. शेवटी एक मोठा सपाट धोंडा सापडला. त्यावर हात ठेवून म्हणाले, "हितं घागर टेकवायचो." भाच्याने विचारलं, "आजोबा, तेव्हा इथं काय होतं?" ते म्हणाले, "धोंडं आन कुसळं." मग पोरगा हिशेबाला लागला. घागरीत किती लिटर? दिवसाला खेपा किती? एका झाडाला किती पाणी? वडिलांना निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, पण त्या धोंड्यावर बसून ते अर्धा तास बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना क्वचित पाहिलंय. उतरताना आठ-दहा चितळांचा कळप पायवाट ओलांडून गेला. भाची माझा पदर धरून श्वास रोखून उभी होती. मोबाइल गाडीतच राहिला होता, तो कुणाला आठवला नाही.

पुढे देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं आजोळ, 12 मार्च 1913 ला त्यांचा जन्म तिथं झाला. घर जतन केलंय, पंधरा-वीस मिनिटांत बघून होतं.

गुऱ्हाळ मात्र घाईने करू नका. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडं सरकवणारा जळव्या असतो, वर मळी काढणं चालू असतं. रस आटत आला की गुळव्या थोडा पाण्यात टाकून, बोटांत गोळी करून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. पोरांना हे काळजीपूर्वक लांबून दाखवा, उकळती काहील म्हणजे खेळ नव्हे. उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून देतात. काकवी मागितली तर मिळते. आधी विचारून आत जा आणि निघताना ढेप विकत घ्या, त्यांचं ते पोट आहे.

दादाला मी रात्री सांगितलं, तुझ्या पोरांना करमलं. तो म्हणाला, एक दिवस ठीक आहे. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: पोरांना गावात करमत नसतं ते त्यांना कुणी काही दाखवत नाही म्हणून. ज्या डोंगरावर त्यांच्या आजोबांनी पाणी वाहिलं तो घरापासून बारा किलोमीटरवर आहे आणि त्यांना तो नऊ वर्षं कुणी दाखवला नव्हता. तुमच्या सासूबाईंना विचारा, लहानपणी कुठल्या जत्रेला जायच्या. तिथूनच सुरुवात करा.

हो, गुडघ्यांचं राहिलं. सागरेश्वरच्या देवळापर्यंत गाडी जाते. जुन्या दगडी देवळांचा मोठा समूह आहे, सासूबाई सावलीत बसतील आणि तुम्ही मुलांना घेऊन डोंगर करा. चढणं अगदीच नको असेल तर भिलवडीजवळ औदुंबर आहे, दत्ताचं देऊळ आणि कृष्णेचा घाट. होडी चालू असली तर पोरांना पलीकडे भुवनेश्वरीला न्या. घाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाईंना वरच बसवा.

मार्च ते मे सागरेश्वरला जाऊ नका, डोंगर तापतो. श्रावणी सोमवारी जत्रेची गर्दी असते. अभयारण्याच्या फाटकाची वेळ विचारून निघा आणि पाणी भरपूर घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. जेवायचीही तिथं फारशी सोय नाही, तेव्हा डबा घरूनच न्या. देवळाबाहेर झाडाखाली बसून खाता येतो, कुणी तो गाडीत ठेवायला लावत नाही.