आग्वादचा बार आणि पाटीवरचा बार

डिचोलीहून एका पालकांनी विचारलंय: नववीतल्या लेकीने पेपरात वाचलं, ‘पावसाळ्यात आग्वाद बार बार्जेसना (म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींना) बंद’. ती आजोबांना म्हणाली, “बार्जवाले प्यायला एवढ्या लांब जातात?” आजोबा हसले, पण उत्तर त्यांनाही देता आलं नाही. एकाच शब्दाचा अर्थ दारूचा गुत्ताही आणि समुद्रातली जागाही, हे कसं?

पोरीला हसू नका. गोव्यात मुलं ‘बार अँड रेस्टॉरंट’च्या पाट्यांवरच वाचायला शिकतात.

इंग्रजी ‘बार’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला साधा आडवा दांडा. आग्वादपाशी, मांडवी नदीच्या मुखाशी वाळू साचून पाण्याखाली असाच दांडा तयार होतो. पावसाळी लाटा त्यावर फुटू लागल्या की खनिज भरलेल्या बार्ज तिथून बाहेर पडत नाहीत; कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात आणि तिकडून मुरगाव बंदर गाठतात. पोर्तुगीजांचा ‘बार्रा’ याच घरातला: त्यांच्याकडे दांडाही बार्रा आणि बंदराचं तोंडही बार्राच. आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकात काय आहे? ‘वाळूचा दांडा’! इंग्रजांना सुचलं तेच आपल्यालाही सुचलं होतं. मग बातमीत ‘आग्वादचा वाळूचा दांडा’ लिहायला काय हरकत आहे?

दारूचा बार म्हणजे गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्यामधली आडवी फळी. तिचं नाव पुढे सगळ्या दुकानालाच चिकटलं. वकिलांचा बारही असाच, न्यायासनापुढच्या आडव्या कठड्यावरून आलेला. बॅरिस्टर त्यातलाच. आमच्याकडे गोवामुक्तीपर्यंत वकील म्हणजे पोर्तुगीजांचा ‘आदवोगाद’, त्यामुळे या बारशी जुन्या गोवेकरांचा संबंध कमीच.

मराठीने मात्र या एका शब्दाची कामं वाटून दिली आहेत. खिडकीला गज, साबणाची वडी, सोन्याची लगड, दाराला अडसर. त्यातला अडसर मला फार आवडतो. दाराला आतून लावायचा दांडा तो अडसर आणि कामात आलेला अडथळाही अडसरच. इंग्रजी बारलाही हे दोन्ही अर्थ आहेत. तुरुंगात गेलेला माणूस इंग्रजीत बारमागे आणि मराठीत गजाआड, हेही तसंच.

आता खरी गंमत. हवामानाच्या बातमीतला ‘मिलिबार’ या दांड्याचा कुणीच नाही. तो ग्रीक ‘बारोस’, म्हणजे वजन, यावरून घेतलेला. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब 1013.25 मिलिबार धरतात. आणि त्या ग्रीक शब्दाचा नातलग संस्कृतात कोण? ‘गुरु’, म्हणजे जड! उलट बंदुकीचा बार, तंबाखूचा बार, लग्नाचा उडवलेला बार हा फारसीतून आला. तिथे बार म्हणजे ओझं (‘बारदान’ त्यातलंच), आणि तो आपल्या ‘भारा’चा भाऊबंद. अर्थ दोघांचाही वजनाचाच, कानाला दोघेही सारखेच, तरी कुळं वेगळी.

राहता राहिली बार्ज. तिचं आणि बारचं नातं नाही; पेपरात दोघं शेजारी छापले जातात एवढंच.