देह पापी असेल तर ख्रिस्ती देवाने तो का घेतला?

'ख्रिस्ती प्रवचनात जग पापी, देह पापी असं ऐकलं, मग देवाने तोच देह का घेतला?' असा तुमचा प्रश्न. मी वसईकडचा कॅथलिक, पंडित नाही. आमचे काही फादर उपवासकाळात देहाला इतकी नावं ठेवतात की तुमचा असा समज झाला यात नवल नाही.

पण देह मुळातच वाईट, हे मत दुसऱ्या शतकातल्या नॉस्टिक पंथांचं. त्यांच्यापैकी बरेच जण म्हणत, हे जग कुणा हलक्या देवाने केलं आणि ख्रिस्ताचं शरीर नुसता भास होता. लिआँचे बिशप इरेनियस यांनी ते खोडून काढलं: ज्याने सृष्टी केली, तोच मरियेच्या पोटी जन्मला. सृष्टी चांगली आहे असं बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, त्यावर त्याने स्वतः येऊन सही केली म्हणा ना.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) नववा अध्याय काढा. येशू जमिनीवर थुंकतो, चिखल कालवतो आणि जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो. नुसत्या शब्दाने बरं करणं त्याला जमत होतंच, तरी हात मळवले. पुनरुत्थानानंतरही तो शिष्यांसमोर भाजलेली मासळी खातो. काम झाल्यावर उतरवून ठेवायचं सोंग नव्हतं ते.

आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी पवित्र चित्रांवर बंदी आणली. तेव्हा दमास्कसच्या योहानाने (हा शुभवर्तमानवाला नव्हे, त्या काळचा धर्मपंडित) हाच मुद्दा काढला: मी जड वस्तूची नाही, माझ्यासाठी जड देह घेणाऱ्या निर्मात्याची उपासना करतो. गंमत म्हणजे, तो मुस्लिम खलिफांच्या राज्यात राहत होता, त्यामुळे सम्राटाचा हात तिथवर पोहोचला नाही. ७८७ मध्ये निकिया इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने चित्रांची बाजू उचलून धरली.

पाप घडलंच नसतं तरी देव माणूस झाला असता का? मध्ययुगातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचा कल 'नाही'कडे. त्यांच्या मागून आलेले पंडित डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) म्हणतात, ख्रिस्त आधीपासूनच देवाच्या मनात होता, आदामाच्या चुकीवर मागाहून शोधलेला इलाज नव्हे. मला स्कोटस पटतात. नाहीतर देव इतका जवळ आला याचं श्रेय आदामाच्या पापाला द्यावं लागेल!

मग चांगल्या देवाच्या जगात दुःख का, याचं उत्तर मात्र यात नाही. कुणाचं लहान मूल जातं तेव्हा 'देवानेही क्रुसावर मरण सोसलं' एवढंच आम्ही म्हणतो. काहींना त्याने आधार वाटतो, काहींना संताप येतो. संतापलेल्यांशी मी वाद घालत नाही.