वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरून गळ टाकताना

प्रश्न : दहा फुटी रॉड आणि ५००० नंबरचे रील वापरतो. फेक ७०-८० मीटर जाते. तरी वाळूच्या किनाऱ्यावरून बहुतेक वेळा हात हलवत परत यावे लागते. आणखी लांब फेकता यावे म्हणून १३ फुटी रॉड घ्यावा का?

नको. मासा पुढे आहे म्हणून मिळत नाही असे नसून, बहुधा तुम्हीच त्याच्या डोक्यावरून फेकताय. वाळूच्या किनाऱ्याला समांतर पाण्याखाली वाळूचे दांडे असतात आणि दांडा व काठ यांच्यामध्ये खोलगट चर असतो. लाटांनी उकरलेले किडे, खेकड्यांची पिल्ले, शिंपल्यांतले जीव या चरात साचतात आणि भरतीबरोबर मासे तिथेच चरायला येतात. हा चर कित्येकदा काठापासून २०-३० मीटरवरच असतो.

तो शोधायचा तर पूर्ण ओहोटीला रॉड न घेता किनाऱ्यावर जा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर उत्तम, कारण उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वांत मागे जाते आणि दांडे, चर, खड्डे उघडे पडतात. काठावरच्या ठळक खुणांसह फोटो काढून ठेवा. मात्र मोठ्या लाटांच्या वादळी दिवसांनंतर हे सगळे सरकते, तेव्हा फोटो नवे काढावे लागतात. पाणी भरलेले असताना चर ओळखायची खूण अशी : लाट दांड्यावर फुटून पांढरी होते, पुढे चरावर येताच तिचा फेस विरतो आणि तिथले पाणी गडद दिसते. दांड्याला जिथे खिंड पडलेली असते तिथून पाणी ओढीने समुद्राकडे परत जाते. या खिंडीच्या कडेला गळ टाका, पण पाण्यात उतरू नका. माणसाला ओढून नेणारा प्रवाह तो हाच.

डोळ्यांनी कळले नाही तर शिशाला, म्हणजे दोरीच्या टोकाच्या वजनाला, विचारा. फेक टाका, शिसे तळाला टेकू द्या आणि रॉडने हळूहळू एकेक मीटर ओढा. शिसे चढावर असेल तर जड लागते, दांड्याच्या माथ्यावरून चरात घसरले की दोरी एकदम सैल पडते. त्या सैल पडण्याच्या जागी थांबायचे.

राहिली वेळ. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर पाणी सुमारे सहा तास चढते, पण सारख्या वेगाने नाही. पहिल्या आणि सहाव्या तासात साधारण एक बारांश, तर तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी चढते. वाळूवर भरतीचा हा मधला टप्पा आणि माथ्यानंतरचा पहिला तास सहसा सर्वांत बरा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून 'रविवारी सकाळी सहाला' असा कायमचा बेत फसतो. २० मिनिटांत चाहूल लागली नाही तर तीस पावले सरका. खुर्ची मांडून बसणाऱ्यांना हे आवडत नाही, पण इलाज नाही.

प्रश्न : ब्रेड (धाग्यांची विणलेली) दोरी घेतल्यापासून फेकताना मधूनच गुंत्याचा गोळा बाहेर येतो. दोरी बदलली तरी तेच.

दोष दोरीचा नाही, सैल वेटोळ्याचा आहे. फेकीनंतर दोरी ढिली असतानाच गुंडाळली की स्पूलवर (रीलच्या ज्या भागावर दोरी गुंडाळते त्यावर) एक सैल वेढा बसतो. त्यावर घट्ट वेढे चढतात आणि पुढच्या फेकीत खालचा वेढा वरच्यांना घेऊन एकदम सुटतो. उपाय तीन. आमिष पाण्यात पडायच्या आधी बोटाने दोरी थोपवा. रीलवरची तारेची कमान हॅन्डल फिरवून न मिटवता हाताने मिटवा. आणि गुंडाळण्यापूर्वी रोलरपुढची (दोरी जिच्यावरून वळते त्या छोट्या चकतीपुढची) दोरी हाताने एकदा ताणून घ्या. एवढ्याने बहुतेक गुंते थांबतात.

स्पूल काठोकाठ भरलेला असेल तर ही सवयही उपयोगी पडणार नाही. कडेपासून २-३ मिमी जागा मोकळी ठेवा. तळाशी आधी मोनोचे, म्हणजे एकाच तंतूच्या नायलॉन दोरीचे, दहा-बारा वेढे द्या. नुसती ब्रेड गुळगुळीत स्पूलवर सबंध घसरते आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी रोखत सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला असे वाटते. झालेला गुंता ओढायचा नाही. सुईच्या टोकाने वेढे ढिले करत सोडवा. आवळला गेला असेल तर कापून टाका, कारण चेपलेली ब्रेड तिथेच तुटते.

प्रश्न : ११० ग्रॅमचे शिसे जोरात फेकताना दोरी तुटून शिसे उडून जाते. दोरी २० पौंडी, म्हणजे २० पौंड ताण सोसणारी, आहे.

ताबडतोब थांबा. उडालेले शिसे कुणाच्या डोक्याला लागले तर जीव जाऊ शकतो. मुख्य दोरीच्या पुढे फेकीचा झटका सोसणारा जाड दोरीचा तुकडा, म्हणजे शॉक लीडर, लागतो आणि त्याचा ठोकताळा सोपा आहे : दर २८ ग्रॅमला १० पौंड. म्हणजे ११० ग्रॅमला किमान ४० पौंडी मोनो. लांबी रॉडच्या दुप्पट घ्या, म्हणजे फेकायच्या तयारीत असताना स्पूलवर पाच-सहा वेढे लीडरचेच राहतात आणि सगळा झटका तोच सोसतो. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नावाची गाठ सर्वांत बारीक होते. ती जमेपर्यंत दुहेरी युनी गाठ चालेल, ब्रेडचे आठ आणि मोनोचे चार वेढे. आवळण्यापूर्वी गाठ ओली करा.

प्रश्न : प्रवासात एकच सेट न्यायचा आहे. टेलिस्कोपिक रॉड बरा की तुकड्यांचा?

तुकड्यांचा. टेलिस्कोपिकच्या सांध्यांत वाळूचा एक कण शिरला की तो अडकतो किंवा घासून कमकुवत होतो. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, २० ते ६० ग्रॅम वजन पेलणारा रॉड घ्या. दुमडल्यावर तो सुमारे ७०-७५ सेंमी होतो आणि मोठ्या बॅगेत तिरका बसतो. सोबत ४००० नंबरचे रील आणि २० पौंडी ब्रेड. याने धक्का, खाडीचे मुख, वाळू, सगळीकडे निभावते. खूप जड शिशाची फेक मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका.

डब्यात एवढेच : ३० आणि ४० पौंडी लीडरची एकेक गुंडाळी, तीन आकारांचे सर्कल हुक (टोक आत वळलेले गळ), दहा स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या), २० ते ४० ग्रॅमचे चार धातूचे जिग (माशासारखी दिसणारी जड नकली आमिषे), मऊ लूरची (रबरी नकली आमिषांची) एक पिशवी, पक्कड. शिसे तिथेच घ्या, वजन कशाला वाहायचे? आमिषही तिथलेच घ्या. परदेशात ताजे किंवा गोठवलेले आमिष नेणे अनेक ठिकाणी नियमाविरुद्ध असते, शिवाय तिथल्या माशांना ओळखीचे असते ते तिथलेच. गळ, पक्कड, सुरी चेक-इन बॅगेत. हेडलॅम्पच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या सामानात. रील कपड्यांत गुंडाळताना हॅन्डल काढून ठेवा, नाहीतर दांडा वाकतो.

परवाना, राखीव क्षेत्र, माशाची किमान लांबी आणि बंदीचे महिने हे सगळे निघण्यापूर्वी त्या ठिकाणच्या अधिकृत माहितीतून पाहा. शेजारी बसलेला माणूस मासे धरतोय हा परवान्याचा पुरावा नव्हे.

प्रश्न : खडकाळ किनाऱ्यावर दर दोन-तीन फेकींनंतर सगळे साहित्य अडकून तुटते.

अडकते ते बहुधा शिसे. मग ते एकटेच तुटावे अशी सोय करा : स्विव्हल आणि शिसे यांच्यामध्ये मुख्य दोरीपेक्षा निम्म्या ताकदीचा ३० सेंमीचा मोनोचा तुकडा बांधा. शिसे गेले तरी गळ आणि मासा हाती येतो. मात्र हा तुकडा फेकीचा झटका सोसत नाही, म्हणून अलगद, बाजूने फेकायचे.

खडकावर उभे राहण्यापूर्वी अर्धा तास नुसते पाहा. मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि दोन गटांत बराच अवकाश असू शकतो. ओला दिसणारा खडक म्हणजे लाट तिथवर येते. काळसर शेवाळ्यावर पाय देऊ नका, समुद्राकडे पाठ करू नका, आणि भरतीत परतीची वाट बुडत नाही ना हे आधीच तपासा. लाइफ जॅकेट घालाच.

प्रश्न : प्रत्येक वेळी रील नळाखाली धुतो, तरी आत गंज चढला.

जोराच्या धारेने खारे पाणी आत ढकलले जाते. आधी ड्रॅग घट्ट करा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जाणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार किंवा ओले फडके फिरवा. रील बुडवून ठेवायचे नाही. पुसून सावलीत वाळले की ड्रॅग ढिला करा आणि लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा. सर्वांत आधी तोच अडकतो, आणि अडकलेला रोलर दोरी कापत राहतो.

प्रश्न : उथळ पाण्यात चालताना पाकटाचा काटा लागला तर काय करावे?

जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअस, ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना बऱ्याच कमी होतात. दुखऱ्या पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या पायाने किंवा हाताने तपासा. त्यानंतर डॉक्टरकडे जायचेच, कारण काट्याचे तुकडे आत राहतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही लागू शकते. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपटू नका, तसेच रुग्णालयात न्या. पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत चालले तर पाकट आधीच दूर पळते.