सुई दिसली की डोळ्यांपुढे अंधारी

प्रश्न : मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी सलाइन लावताना बघून भोवळ आली. हिपॅटायटिस बीची लस घेतानाही तेच झालं. मैत्रिणी म्हणतात, दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड. तसं केलं तर उलट जास्तच चक्कर येते. नर्सिंग सोडावं का?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : सोडू नका. मैत्रिणींचा सल्ला मात्र सोडा. उंचीची, लिफ्टची, कुत्र्याची भीती वाटते तेव्हा छाती धडधडते, रक्तदाब चढलेला राहतो आणि सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. सुई आणि रक्ताच्या भीतीची चाल वेगळी. ठोके आणि दाब आधी थोडे चढतात, मग एकदम घसरतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. अशा वेळी अंग सैल सोडलं की पायांत साचलेलं रक्त तिथंच राहतं आणि घसरणीला मदतच होते. तुमचा अनुभव बरोबर आहे.

यावरचा उपाय म्हणजे स्नायू आवळणं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली. खुर्चीत बसा. दंड, पोट, नितंब आणि मांड्या एकदम घट्ट आवळा. १० ते १५ सेकंदांत चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटते. ती आली की सोडा. सोडा म्हणजे गळून पडू नका, नेहमीसारखं बसा, एवढंच. २० ते ३० सेकंद थांबून पुन्हा. असं ५ वेळा केलं की एक फेरी झाली. दिवसाला ५ फेऱ्या, निदान आठवडाभर, आणि सुईच्या आसपासही न जाता. आधी सवय हाडामांसात उतरू द्या.

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली, आवळताना श्वास रोखला जातो. त्यानं छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, म्हणजे केलेलं वाया. मनात आकडे मोजण्यापेक्षा हळू आवाजात मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. दुसरी, दात-ओठ खाऊन चेहराही आवळला जातो आणि डोकं दुखायला लागतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वॉर्डात आवळायची वेळ ओळखणं हीच खरी कला. जांभई, मळमळ, तळहात गार पडणं, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं ही भोवळीची पूर्वसूचना. विशेषतः जांभई, तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. ती आली की लगेच सुरू करा. उपाशी पोटी पोस्टिंगला जाऊ नका, अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्या आणि गुडघे ताठ करून एका जागी उभ्या राहू नका. तरी अंधारी आलीच तर लाज न बाळगता खाली बसा. पडणं सुईमुळे असलं तरी टाके कॉटच्या कडेमुळे पडतात. भोवळ येऊन गेल्यावर पाय उंच ठेवून दहा मिनिटं आडवं पडा. घाईनं उठलं की दुसऱ्यांदा पडायला होतं.

मग पायऱ्या चढायच्या. पाकिटातली सिरिंज हातात घेऊन बसा. पुढं पाकीट फोडून सुई जोडा. अँप्यूलमधून (काचेच्या बंद कुपीतून) २ मिली डिस्टिल्ड वॉटर ओढा, ते संत्र्यात किंवा स्पंजात टोचा. नंतर पेशंटजवळ फक्त कापूस-स्पिरिट देण्याचं काम मागून घ्या. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. ऐन भरात असताना पळ काढला तर मेंदू एवढंच शिकतो की पळालं म्हणून वाचलो. ट्यूटरना आधीच सांगून ठेवा. अचानक पडणाऱ्या विद्यार्थिनीपेक्षा सांगून बसणारी त्यांना परवडते.

स्वतःला लस घ्यायची असेल तेव्हा आडवं पडून घ्या. ज्या दंडात टोचणार तो सैल ठेवून बाकीचं अंग आवळायचं. आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते.

प्रश्न : डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करतो. रक्त बघून काही होत नाही, पण दुसऱ्याला टोचताना हात थरथरतो आणि शीर हुकते.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : ही भीती वेगळी, दुखवण्याची. तिच्यावर स्नायू आवळून भागत नाही, हाताला आधार लागतो. करंगळीची बाजू पेशंटच्या हातावर टेकवा, थरथर सुईच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. टूर्निके, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, टोचायच्या जागेच्या ३ ते ४ इंच वर बांधा आणि एका मिनिटाच्या आत सोडा. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. दिसणाऱ्या शिरेपेक्षा दाबल्यावर उसळी मारणारी शीर चांगली. कोपराच्या मधली शीर आधी बघा. आतल्या बाजूची टाळा, तिच्याजवळ धमनी आणि मज्जातंतू असतो.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या जागेत टोचलं की आग होते, पेशंट हात ओढतो आणि दोष तुमच्या हाताला लागतो. अंगठ्यानं खालची कातडी ताणून धरा, नाहीतर शीर सरकते. ‘हुकली’ म्हणता त्यातल्या बऱ्याच शिरा सरकलेल्या असतात. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश. भीतीपोटी सुई हळूहळू सरकवणं हे सगळ्यात वाईट, कारण कातडीतच जास्त दुखतं. एका सलग हालचालीत आत. काढताना आधी टूर्निके, मग सुई. उलटं केलं की जागा काळीनिळी. दोनदा हुकलं की तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवा.

प्रश्न : मला स्वतःला वापरलेली सुई टोचली तर, हीच भीती जात नाही.
– एक वाचक, पणजी

उत्तर : ही भीती रास्त आहे, पण तिचं माप माहीत असू द्या. एचआयव्ही बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे ३. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कित्येक पट; म्हणून ०, १ आणि ६ महिन्यांचे तीनही डोस पूर्ण करा आणि तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाका. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका. ड्युटी संपायची वाट न बघता इन्चार्जना कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर उपयोग राहत नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात.