वाचकांचे प्रश्न : फुकट शाळाही का परवडत नाही?

प्रश्न : हल्ली मोबाइल सगळं वाचून दाखवतो. मग निरक्षरतेमुळे गरिबाचं आणि देशाचं एवढं काय अडतं?

उत्तर : वाचून दाखवील, पण विचारायचं काय हे सुचायला हवं ना! जुलाबावरची ओआरएसची पुडी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे तिच्यात 20.5 ग्रॅम पावडर असते आणि ती 1 लिटर पाण्यात विरघळवायची असते. तसं पुडीवर छापलेलंही असतं. वाचता न येणारी आई ती 200 मिलीच्या पेल्यात कालवते. द्रावण पाचपट तीव्र होतं, मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि औषधच जिवावर उठतं. दवाखान्यात घाईघाईने सांगितलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं विसरलेलं असतं.

कर्जाचंही तेच. ‘महिना 10 टक्के’ ऐकायला किरकोळ वाटतं. सरळ व्याजाने 100 चे वर्षाअखेर 220 होतात. व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवलं तर जवळपास 314. अंगठा उठवणाऱ्याला यातला कुठला हिशेब कागदावर आहे ते कळत नाही, आणि पावती वाचता येत नसल्याने भरलेला हप्ता पुन्हा वसूल झाला तरी बोलता येत नाही. बियाणं, अवजारं यांत घालायचा पैसा असा व्याजात गेला की उत्पादन वाढत नाही. कर भरण्याइतकी कमाई मोजक्यांचीच राहते, आणि मग शाळा-दवाखान्यांसाठी सरकारकडेही पैसा नसतो.

प्रश्न : फी नाही, पुस्तकं फुकट. तरी गरीब घरातली मुलं शाळा का सोडतात?

उत्तर : फी माफ झाली तरी मुलाची मजुरी बुडतेच. दहा-बारा वर्षांचं मूल धाकट्यांना सांभाळतं, पाणी भरतं, गुरं राखतं. ते शाळेत गेलं की या कामासाठी मोठ्या माणसाला रोज बुडवावा लागतो. शिक्षणाचं फळ दहा वर्षांनी मिळणार, चूल आज पेटवायची आहे. पालकांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा हिशेब बरोबर असतो.

मेक्सिकोने 1997 मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजनेतून हा हिशेबच बदलला. पैसे आईच्या हाती, अट 85 टक्के हजेरीची. वरच्या वर्गात रक्कम वाढती, कारण मूल मोठं होईल तशी त्याला मिळू शकणारी मजुरीही वाढते. माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा जास्त, कारण तिथे त्यांची गळती अधिक होती. पटावरची मुलं वाढली, विशेषतः माध्यमिकच्या मुली. परीक्षेतल्या गुणांत मात्र फारसा फरक पडला नाही. शिकवणं सुधारायचं काम वेगळं आणि जास्त चिवट आहे.

प्रश्न : आमच्या प्रौढ साक्षरता वर्गातल्या बायका सही शिकतात, पण वर्षभरात अक्षरं विसरतात. काय चुकतं?

उत्तर : सहीपाशी थांबणं. एकेक अक्षर जुळवत मिनिटाला दहा-पंधरा शब्द वाचले, तर वाक्य संपेतो सुरुवात डोक्यातून गेलेली असते. अर्थ लागायला साधारण 45 ते 60 शब्दांचा वेग हवा. क्युबाने 1961 ची साक्षरता मोहीम संपताच प्रौढांचे पुढचे वर्ग सुरू केले, ते याचसाठी. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. मजुरीची चिठ्ठी, गाडीची पाटी, वीजबिल असं कामाचंच वाचायला द्या. छपाई मोठ्या टाइपात हवी. आणि चाळिशी ओलांडलेल्यांची आधी नजर तपासा. कित्येकींचं घोडं चष्म्यापाशीच अडलेलं असतं.